आधी विचारलं असतं तर

वादळ येऊन गेलं की समुद्राच्या अभ्यासकांचे फोन वाजू लागतात. वर्तमानपत्रं, वाहिन्या, अधिकारी, सगळ्यांना त्या दोन-तीन दिवसांतच उत्तर हवं असतं. पुण्यातल्या एका अभ्यासकाने मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. अरबी समुद्राच्या तापमानावर काम करण्यात त्याची सगळी उमेदीची वर्षं गेली आहेत. "वादळाआधी मी हेच सांगत होतो," तो म्हणाला. "तेव्हा विचारायला कोणी आलं नाही."

तो सांगत होता ते असं. चक्रीवादळाचा जन्म व्हायला समुद्राच्या पृष्ठभागाचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं असावं लागतं. बंगालचा उपसागर पूर्वीपासून ऊबदार, म्हणून वादळं तिकडे जास्त. अरबी समुद्र त्या मानाने थंड असायचा आणि कोकणातली माणसं त्या थंडपणाच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्याला लागून घरं बांधत आली. तो भरवसा आता उरलेला नाही. पश्चिम हिंदी महासागर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत उन्हाळ्याच्या महिन्यांत सुमारे १.२ अंशांनी तापला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. एकट्या २०१९ साली या समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. पुढच्या वर्षी ३ जूनला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्याच्या पुढच्या मे महिन्यात 'तौक्ते' सगळी कोकणपट्टी झोडपत गुजरातकडे गेलं.

हवामानासाठी झटणाऱ्या माणसांशी मी गेली काही वर्षं बोलते आहे. त्यात शास्त्रज्ञ आहेत, कोळी आहेत, शेतकरी बायका आहेत, कॉलेजातली मुलं आहेत. सुरुवातीला मी मनाशी दोन रकाने आखले होते. एका बाजूला आकडे माहीत असलेले, दुसऱ्या बाजूला सोसणारे. बोलणी वाढत गेली तशी ती रेघ पुसट होत गेली, कारण दोन्हीकडून एकच तक्रार ऐकू येऊ लागली. आम्हाला आधी विचारत नाहीत. पुण्यातला डॉक्टरेट झालेला माणूस ते म्हणतो आणि श्रीवर्धनची सातवी शिकलेली बाईही तेच म्हणते.

श्रीवर्धनच्या त्या काकूंची वाडी काही गुंठ्यांची. वर नारळ, खाली सुपारी, मधे केळ, जायफळाची दोन झाडं, मिरीचे वेल. 'निसर्ग'ने तासा-दोन तासांत सुपारी आडवी केली. सुपारीचं रोप लावल्यापासून हाताशी पीक यायला सहा-सात वर्षं जातात. म्हणजे वादळाने त्या वर्षाचं पीक नेलं इतकंच झालं नाही, तर पुढची सहा-सात वर्षंही नेली. पंचनामे झाले ते हेक्टरी दराने. ज्याची जमीनच गुंठ्यात मोजायची त्याच्या हातात त्या दराने काय पडणार? कोकणातून ओरड झाली आणि मग भरपाई झाडागणिक देण्याचं ठरलं. काकू हे सांगताना भरपाईवर फार रेंगाळल्या नाहीत. त्यांना दुसरंच सांगायचं होतं. किनाऱ्यावर सुरूची जी रांगच्या रांग लावलेली होती, ती सगळ्यांत आधी पडली. सुरू सरळ वाढतो, लवकर वाढतो, दिसायला शोभिवंत. पण त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी किनाऱ्यावर उंडी होती, केवडा होता, करंज होता. "उंडी वाकडीतिकडी वाढते, पण वाऱ्याला तोंड देते," काकू म्हणाल्या. "सुरू लावताना आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं नसतं का?" आता त्या आणि शेजारच्या काही जणी उंडीची रोपं तयार करतात. बी फुटायला वेळ घेतं, टणक कवच फोडून द्यावं लागतं, ते कसं फोडायचं हे त्यांनी मला करून दाखवलं. कुठल्याही संघटनेचा फलक त्यांच्या दारावर नाही. मोर्चात त्या कधी गेलेल्या नाहीत. तरी या किनाऱ्यावर हवामानाच्या बाजूने काम करणारं माणूस कोण, असं कोणी विचारलं तर मी आधी त्यांचं घर दाखवीन.

वरळीच्या कोळीवाड्यातली गोष्ट मोर्च्यांची आणि कोर्टाची आहे. तिथल्या बंदरावरून होडी बाहेर काढायची तर खडक चुकवत जावं लागतं. ओहोटीला ते दिसतात, भरतीला दिसत नाहीत. मुंबईचा सागरी किनारा मार्ग जिथे वांद्रे-वरळी सागरी सेतूला मिळतो, तिथे नेमके होड्यांच्या वाटेवर पुलाचे खांब येणार होते. दोन खांबांत ६० मीटर अंतर पुरेल, असं आराखडा म्हणत होता. कोळी म्हणत होते, २०० हवं. काम २०१८ च्या अखेरीस सुरू झालं. २०१९ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे चालू राहू दिलं. मग २०२१ मध्ये कोळ्यांनी होड्या आडव्या घातल्या आणि खांबांचं काम रोखलं. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं.

मी त्या आंदोलनातल्या एका नाखव्याला विचारलं, ६० मीटर का पुरत नव्हतं? त्याने जाळ्याचा सुतळीचा तुकडा घेऊन जमिनीवर अंतर मांडलं. दोन टोकांना दोन शहाळी ठेवली, ते खांब. "हे साठ मीटर कागदावरचं," तो म्हणाला. "आता खांबाला होडी आपटू नये म्हणून भोवती बांधकाम येणार, ते दोनी बाजूंनी आत सरकणार. मग पाणी. खांबाला पाणी आपटलं की तिथं भवरा धरतं. तेच्यात वारा. वाऱ्यान होडी सरळ येत नाय ताई, तिरकी येते. तिरक्या होडीला किती जागा लागते ते मोज. आन्‌ समोरून दुसरी होडी येत असली तर?" सुतळीवर त्याने बोटाने होडी तिरकी चालवून दाखवली. मधे उरलेली जागा चार बोटांची होती.

हे ज्ञान लिहिलेलं कुठे नव्हतं. पण ते ज्ञान होतं, अंदाज नव्हता, भावना तर मुळीच नव्हती. वाऱ्याची दिशा, होडीची लांबी, खांबाजवळचा प्रवाह, बुडालेल्या खडकांची जागा, एवढ्या सगळ्यांचा मेळ घालून त्याने एक आकडा काढला होता आणि तो आकडा मान्य करायला सरकारला चार वर्षं लागली. तीही अर्ध्यामुर्ध्या रीतीने. त्या चार वर्षांत किती जणांचे किती धंद्याचे दिवस सभांमध्ये, निवेदनांमध्ये, वकिलांच्या दारात गेले, याची भरपाई कोणत्याच तक्त्यात नाही. "पयलं विचारलं असतं तर हे सगलं लागलंच नसतं," नाखवा म्हणाला. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला, २०५० पर्यंत शहराचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं ध्येय त्यात आहे. त्याच शहराचा मोठा खर्च त्या काळात समुद्रात भराव घालून मोटारींसाठी रस्ता करण्यावर चालला होता. हे दोन कागद एकाच महापालिकेत तयार झाले. ज्यांनी ते केले त्यांनी एकमेकांना काही विचारलं असेल का, याचं मला खरंच कुतूहल आहे.

मग बोलणं बोंबलावर गेलं. कोळीवाड्यात ते जातंच. डोलीच्या जाळ्यात पूर्वी बोंबील आणि जवळा येई, त्याचा भरवसा आता नाही, हंगाम पुढेमागे होतो, मासा खोल जातो. मी हे पुण्याच्या अभ्यासकाला सांगितलं. त्याने कागदावर समुद्राचे दोन थर काढले. वरचं पाणी तापलं की हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यावर झाकणासारखं बसतं. खालची पोषकद्रव्यं वर येत नाहीत. ती वर आली नाहीत तर सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत, आणि सगळ्या माशांचं अन्न शेवटी तिथून सुरू होतं. पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत या सूक्ष्म वनस्पती २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. एवढं समजावून सांगून तो थांबला आणि त्याने मला बजावलं, "पण प्रत्येक रिकामं जाळं आमच्या आलेखावर टांगू नका. मोठ्या बोटींची पर्ससीन जाळी आहेत, शहराचं सांडपाणी आहे, भराव आहे. तापमान या सगळ्यांत भर घालतं. ते एकटं गुन्हेगार नाही." नाखव्यानेही आपल्या शब्दांत मला हेच सांगितलं होतं. त्याने पहिलं बोट पर्ससीनकडे दाखवलं होतं, दुसरं नाल्याच्या तोंडाकडे, आणि मग तो म्हणाला होता, "आन्‌ दर्यापन गरम झालाय, ते पायाला कलतं."

या दोघांची कधी भेट झालेली नाही.

मुंबईतल्याच आरेच्या जंगलासाठी उभ्या राहिलेल्या एका मुलीबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण तिने स्वतःच थोडक्यात सांगितलं. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पाडायला सुरुवात झाली. ती तेव्हा कॉलेजात होती, मित्रांबरोबर तिथे पोहोचली. २९ जणांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. आपण हरलो, असं ती म्हणत नाही आणि जिंकलो, असंही म्हणत नाही. आता ती आरेतल्या आदिवासी पाड्यांवर जाते, वनहक्काच्या दाव्यांसाठी जुने कागद गोळा करायला लोकांना मदत करते. त्या रात्री घोषणा देताना, या जंगलात पाडे आहेत, तिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात हे तिच्या गटातल्या कितीतरी जणांना माहीतही नव्हतं. झाड वाचवा म्हणणाऱ्यांनीही झाडाखाली राहणाऱ्याला विचारलेलं नव्हतं. हे तिने सांगितलं तेव्हा तिच्याबद्दल माझा आदर वाढला.

विचारण्याची गोष्ट निघाली की परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचं नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. २०१० मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला गेला आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये अहवाल सरकारकडे गेला. त्या अहवालाची चर्चा होते ती बंदीच्या अंगाने: खाणी बंद, मोठी धरणं नकोत. त्याच्या गाभ्यातली सूचना मात्र वेगळी होती. कुठला भाग किती संवेदनशील हे आम्ही सुचवतो आहोत, अंतिम निर्णय ग्रामसभांशी बोलून करा, असं तो अहवाल सांगत होता. सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी तर आपलं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव केले होते. लोक विकासाच्या विरोधात नव्हते आणि निसर्गाच्याही नव्हते. त्यांना कोणी विचारावं एवढी त्यांची अपेक्षा होती. अहवाल दाबून ठेवला गेला. तो खुला व्हायला माहिती आयोगाचा आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश लागला, २०१२ साल उजाडलं. तोवर गावोगावी त्याच्याबद्दल वाटेल ते पसरवून झालं होतं. नामवंत शास्त्रज्ञाने सरकारच्याच सांगण्यावरून केलेल्या कामाची ही गत, तर सुतळीवर अंतर मोजणाऱ्याची काय होणार?

लोकांना विचारण्याची एक सरकारी रीत आहे, प्रकल्पाआधीची जनसुनावणी. तिला मी बसलेली आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती घ्यावी लागते. पूर्ण अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत, गावाच्या हातात त्याचा संक्षेप. मंडपात पुढच्या रांगेत अधिकारी आणि कंपनीची माणसं, मागे गाव. बोलायला उभं राहणाऱ्याला आधी नाव आणि गट नंबर विचारतात, मग किती मिनिटं ते सांगतात. एक म्हातारे गृहस्थ ओढ्याच्या जुन्या वाटेबद्दल बोलत होते, ओढा मोठ्या पावसात कुठून फुटतो, कोणत्या साली फुटला होता. तेवढ्यात वेळ संपल्याची खूण झाली. त्यांचं म्हणणं इतिवृत्तात कसं आलं ते मी नंतर वाचलं. ओळ होती, पाण्याच्या निचऱ्याबाबत चिंता व्यक्त केली. ते चिंता व्यक्त करत नव्हते. ते माहिती देत होते.

मराठवाड्यातल्या एका शेतकरी बाईंकडे मी गेले ते त्यांच्या एका एकरासाठी. लातूर-धाराशिव भागात १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांबरोबर काम सुरू केलं. त्यातूनच पुढे एक एकराची शेती उभी राहिली. घरच्या जमिनीतला एक एकर बाईने मागून घ्यायचा, त्यात काय पेरायचं ते तिने ठरवायचं, बाजाराआधी घरातली ताटं भरायची. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती, पहिल्या गाडीत दहा टाक्या आणि पाच लाख लिटर पाणी. ती गाडी सगळ्या देशाने पाहिली. एकरातली बाई फारशी कोणी पाहिली नाही.

"मालकाला म्हणलं, एक एकर द्या," बाई सांगत होत्या. "तर म्हणले, घे की, माळाचं घे." म्हणजे मुरमाड, वरकस, जिथे सोयाबीनही धड येत नव्हतं ते. सासूबाई चार महिने धड बोलल्या नाहीत. बाईंनी तिथे तूर, मूग, उडीद, मटकी, कडेने अंबाडी आणि तीळ, रब्बीला ज्वारीत जवस-करडई, आणि भाज्यांचे वाफे केले. खत शेणाचं, बी घरचं. मग एका वर्षी पावसाने मोठा खंड दिला. भोवतालचं सोयाबीन फुलोऱ्यात करपलं. माळावरची मटकी आणि तूर तग धरून राहिली. "त्या वर्षी घरात डाळ इकत आणली न्हाई. तवापासून मालक इचारतेत, यंदा खालच्या रानात काय टाकावं."

त्यांनी हे अभिमानाने सांगितलं, आणि पाठोपाठ दुसरी बाजूही सांगितली. सातबाऱ्यावर नाव मालकांचंच आहे. त्यामुळे पीककर्ज त्यांना नाही, विमा त्यांना नाही, नुकसानीच्या यादीत त्या शेतकरी नाहीत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वदच्या आसपास लक्ष्मीमुक्तीचं अभियान चालवलं, हजारो शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी हे काम आपल्याकडे अर्धंच आहे. पाऊस लहरी झाला की सगळ्यात आधी झळ बाईला लागते आणि उपाय सापडला तर बऱ्याचदा तिलाच सापडतो. नोंद मात्र दुसऱ्याच्या नावावर होते. हवामानाच्या परिषदांतून अनुकूलन, लवचिकता असे मोठे विषय चालतात. मला वाटतं, महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर त्यांतला बराचसा भाग तलाठ्याच्या चावडीत सुटू शकतो.

निघताना मी त्यांना विचारलं, हवामानाचा अभ्यास करणारे पुण्यात आहेत, त्यांना तुमच्याकडून काही सांगायचं आहे का? त्यांनी थोडा विचार केला. "यंदा पाऊस किती टक्के पडणार ते नका सांगू म्हणावं. टक्क्याचं आमी काय करू? खंड कवा पडणार अन्‌ किती दिस पडणार ते सांगा. आन्‌ पेरायच्या आधी सांगा."

मी तो निरोप जसाच्या तसा पुण्याला नेला. अभ्यासकाने तो वहीत लिहून घेतला. मग म्हणाला, पेरायच्या आधी सगळ्या हंगामाचे खंड कोणालाच सांगता येणार नाहीत, तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका म्हणा. पण पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज हवामान विभाग दर गुरुवारी देतो. पहिले दोन आठवडे बऱ्यापैकी हाती लागतात, पुढचे दोन सैल. आणि तो अख्ख्या मराठवाड्यासाठी असतो, एका माळासाठी नाही. "त्यांच्या गावात पाऊस कोणी मोजतं का?" त्याने विचारलं. "रोज, एकाच वेळी, एकाच जागी? त्या नोंदी मिळाल्या तर मला फार उपयोग होईल. आमच्या अंदाजाचं त्यांच्या माळावर काय होतं ते मला आजवर कळलेलंच नाही."

बाईंना मी फोन केला आणि सगळं सांगितलं, सैल आठवड्यांसकट. पावसाचं माप कुठं मिळतं, काचेचं की पत्र्याचं, सकाळी किती वाजता बघायचं, हे त्यांनी एकामागून एक विचारलं. गट मिळून दोन मापं घेऊ, म्हणाल्या, एक माळाला, एक खालच्या रानात, कारण दोन्हीकडचा पाऊस सारखा नसतो हे त्यांना आधीच माहीत होतं. मग गुरुवारचं पुन्हा विचारलं. नक्की गुरुवारीच येतो ना अंदाज? "मग चालतंय," त्या म्हणाल्या. "आमचा बचत गट शुक्करवारी बसतो."